पहिल्या पानावरचे २१०० व्होल्ट

डेटाशीटला कुणी साहित्य म्हणत नाही, म्हणून तिचं परीक्षणही कुणी लिहीत नाही. मला वाटतं लिहायला हवं. कादंबरी वरवर वाचली तर फारतर चार मार्क जातात. डेटाशीट वरवर वाचली तर शॉक बसू शकतो. म्हणून आज आपल्याकडे भरपूर वापरल्या जाणाऱ्या आणि अगदी थोड्या वाचल्या जाणाऱ्या एका डेटाशीटबद्दल बोलू: अलेग्रो कंपनीचा एसीएस७१२ हा करंट सेन्सर.

तुम्ही इंजिनिअरिंगला असाल, किंवा बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं असेल, तर हा तुम्ही पाहिलाच असणार. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत मागितला की दुकानदार न विचारता मॉड्यूल काढून देतो. ‘स्मार्ट एनर्जी मीटर’ नावाचा प्रोजेक्ट दरवर्षी होतो आणि त्यात बहुतेक वेळा हाच सेन्सर बसलेला असतो.

आधी चांगलं काय ते सांगते. कल्पना सुंदर आहे. मोजायचा करंट चिपच्या आतल्या तांब्याच्या जाड पट्टीतून जातो. या पट्टीचा रोध फक्त १.२ मिलिओहम, त्यामुळे ती फारशी तापत नाही. करंटमुळे पट्टीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि शेजारचा हॉल सेन्सर ते ओळखतो. एडविन हॉलने १८७९ मध्ये हा परिणाम शोधला तेव्हा तोही पीएचडीच करत होता, ही आमच्यासारख्यांना धीर देणारी गोष्ट! पट्टी आणि सेन्सर यांच्यात विजेची जोडणी नाही, फक्त चुंबकीय क्षेत्र पलीकडे पोचतं. ५ अँपिअरच्या प्रकारात दर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट मिळतात. हे सगळं डेटाशीटमध्ये नीट, आलेखांसह दिलेलं आहे.

आता अडचण. पहिल्याच पानावर, वैशिष्ट्यांच्या यादीत लिहिलंय: आयसोलेशन २.१ किलोव्होल्ट. हा आकडा वाचून आपण गणित करतो: घरातली लाइन २३० व्होल्ट, सेन्सर २१०० व्होल्ट सहन करतो, म्हणजे नऊपट सुरक्षित. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हेच वाक्य उतरतं आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंतही हेच ऐकू येतं.

पण २१०० हा आकडा ६० सेकंदांच्या चाचणीचा आहे. मार्केट यार्डातला हमाल पैज लागली तर एका दमात दोन पोती उचलून दाखवेल. म्हणून रोज आठ तास त्याच्या पाठीवर दोन पोती द्यायची का? इन्सुलेशनचंही तसंच असतं. त्यातल्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये बारीक ठिणग्या पडत राहतात, थरात चार्ज अडकत जातो, आणि एक मिनिट सहज टिकलेला थर काही वर्षांनी फुटू शकतो. म्हणून रोजच्या वापरासाठी वेगळा आकडा असतो, वर्किंग व्होल्टेज. तो याच डेटाशीटमध्ये आत एका तक्त्यात आहे: बेसिक आयसोलेशनसाठी ३५४ व्होल्ट, रीइन्फोर्स्डसाठी १८४ व्होल्ट. आणि हे आकडे पीकचे आहेत.

आपली २३० व्होल्टची लाइन पीकला ३२५ व्होल्टपर्यंत जाते. म्हणजे बेसिकच्या मर्यादेत आपण कसेबसे बसतो. रात्री लोड कमी झाल्यावर लाइन २५० व्होल्टवर गेली, तर पीक नेमका ३५४ होतो. रीइन्फोर्स्डमध्ये तर बसतच नाही. १८४ पीक म्हणजे साधारण १३० व्होल्टची लाइन. अमेरिकेच्या १२० व्होल्टला चालेल, नाशिकच्या घराला नाही.

बेसिक आणि रीइन्फोर्स्ड यांतला फरक शाब्दिक नाही. बेसिक म्हणजे एक थर. तो फुटला तर माणसाला वाचवायला पुढे आणखी काहीतरी असायला हवं, दुसरा थर किंवा अर्थिंग केलेली धातूची पेटी. रीइन्फोर्स्ड म्हणजे एकाच थराने दोन थरांइतकी खात्री देणं. आता प्रोजेक्टचं टेबल डोळ्यांसमोर आणा. सेन्सरची वायर आर्डुइनोला, आर्डुइनो यूएसबीने लॅपटॉपला, आणि लॅपटॉपवर तुमचा हात. मध्ये आहे तो एकच बेसिक थर. त्यात मॉड्यूलवर सोल्डरिंगचा फ्लक्स, धूळ, कोकणातल्या पावसाळ्यातली दमट हवा; बोर्डाच्या पृष्ठभागावरून वीज सरकायला लागणारं अंतर, म्हणजे क्रीपेज, फक्त काही मिलिमीटर.

मग दोष कोणाचा? डेटाशीट खोटं बोलत नाही. पण मोठा आकडा दर्शनी आणि खरा उपयोगाचा आकडा तक्त्यात, हा क्रम विक्रीच्या सोयीचा आहे, वाचणाऱ्याच्या नाही. ही सवय या एकाच चिपपुरतीही नाही. सिग्नल आयसोलेटरच्या डेटाशीट पाहा. एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा ऑप्टोकपलर असो, चिपवरच्या बारीक कॉइलवर चालणारा असो, किंवा १९८८ मध्ये सापडलेल्या आणि २००७ चं नोबेल मिळवून देणाऱ्या जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सवर चालणारा असो, दर्शनी भागात बहुधा एका मिनिटाचे किलोव्होल्टच मिरवत असतात.

आपलीही बाजू लंगडी आहेच. आम्ही प्रॅक्टिकलमध्ये डेटाशीटमधून पिन डायग्राम शोधायला शिकवतो, मर्यादांचा तक्ता वाचायला नाही.

तर करायचं काय? सेन्सर फेकून देऊ नका, त्याच्यामागे दुसरा थर उभा करा. सगळं सर्किट बंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि आकडे वायफायने बाहेर घ्या. किंवा इन्सुलेशन असलेल्या वायरवर बाहेरून बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर वापरा. तिथे वायरचं आवरण हाच आणखी एक थर होतो. लॅपटॉप जोडायचाच असेल तर मध्ये रीइन्फोर्स्ड आयसोलेटर लावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा सप्लाय व ग्राउंड वेगळा ठेवा. ग्राउंड एकच जोडला, तर आयसोलेटर असून नसल्यासारखा.

आणि परीक्षक म्हणून बसणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती. व्हायव्हामध्ये ‘अ‍ॅक्युरसी किती?’ याच्या आधी एवढंच विचारा: ‘याचं वर्किंग व्होल्टेज किती, आणि थर किती?’ उत्तर आलं नाही, तर लाइनचा प्लग लावू देऊ नका.