शुभवर्तमानांचे ऐतिहासिक वाचन आणि आपली कसोटी

हिवरखेड येथील विहारात वर्षावासातील ग्रंथवाचनानंतर एका तरुण उपासकाने आम्हांस विचारले, "नव्या करारातील चार शुभवर्तमाने परस्परांशी जुळत नाहीत, मग तो ग्रंथ खोटाच ना?" प्रश्न प्रामाणिक होता, पद्धत मात्र सदोष होती. जेथे अभ्यासास प्रारंभ व्हावा, तेथेच त्याने निकाल दिला होता.

येशूंची बोली अरामी. शुभवर्तमाने मात्र ग्रीक भाषेत आहेत. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते त्यांपैकी मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत जुने, म्हणजे इ.स. 70 च्या सुमाराचे असून मत्तय व लूक यांनी त्याचा आधार घेतला. चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत मार्कचा सोळावा अध्याय आठव्या वचनाशीच संपतो. पुढील 12 वचने त्यांत नाहीत.

वाङ्मयीन तुलना याहून उद्बोधक आहे. मत्तयाच्या ग्रंथात येशूंचे प्रवचन डोंगरावर होते, लूकच्या ग्रंथात सपाट जागी. लूक गरिबांना सरळ धन्य म्हणतो आणि लगेच श्रीमंतांचा धिक्कार नोंदवितो. मत्तय गरिबीला आत्म्याचे विशेषण जोडतो. श्रीमंतांचा धिक्कार तेथे आढळत नाही. भुकेल्यांचा प्रश्न एका परंपरेत भुकेचाच राहिला, दुसरीत तो आध्यात्मिक झाला.

बुद्धांनी दारिद्र्याला धन्य ठरविले नाही, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) या ग्रंथात स्पष्ट केले आहे. हा भेद मूलभूत आहे. परंतु तो मांडताना आपण कोणत्या शुभवर्तमानाशी तुलना करीत आहोत, हे सांगितले पाहिजे. पंडिता रमाबाई श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. तरीही बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांकडे वळल्या. आपल्या टीकाकारांनी मूळ ग्रंथाविषयी याहून कमी आस्था का बाळगावी?

हीच कसोटी आपल्यालाही लागू होते. तिपिटक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिपिबद्ध झाले. तोपर्यंत ते भाणकांच्या मुखी होते. हा काळ शुभवर्तमानांच्या काळाहून कितीतरी मोठा आहे. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेस हेच शिकवितात, की बुद्धवचन म्हणून सांगितलेले काहीही सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे, मगच स्वीकारावे अथवा नाकारावे. बाबासाहेबांनी गृहत्यागाची परंपरागत कथा तपासून नाकारली, ती याच बाण्याने.

म्हणून त्या उपासकास आम्ही म्हणालो, "विसंगतीमुळे ग्रंथ खोटा ठरत असेल, तर निकायांतील पाठभेदांचे काय कराल?" तो निरुत्तर झाला, पण आमचा हेतू तो नव्हता. परग्रंथाची चिकित्सा आणि स्वग्रंथाची पूजा ही दुटप्पी रीत आपण ज्यांच्यापासून दूर झालो, त्यांची आहे. ती विहारात येऊ नये.