पहिल्या पातळीचे दान

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ मी चाळिशी उलटल्यावर शिकलो, तोही पुस्तकांतून. शिकवणारे कोणी भेटले नाही. गेली काही वर्षे रविवारी दुपारी माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र आमच्या घरी जमतात आणि मी त्यांचा खेळ चालवतो. या लेखातला प्रश्न त्याच टेबलावर उभा राहिला. नवख्या, दुबळ्या पात्रांना जादूची वस्तू बक्षीस द्यायची, तर केवढी द्यावी? नियमपुस्तकांनी पन्नास वर्षांत याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. माझे म्हणणे असे की त्यांनी मोजमाप बारकाईने केले, पण माप भलत्याच जागी लावले.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी दोन शब्द. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो: योद्धा, चोर, जादूगार, जखमा भरणारा क्लेरिक. एक जण डन्जन मास्टर होतो. तो प्रसंग सांगतो आणि राक्षसांच्या वतीने फासे टाकतो. वार लागला की चुकला, हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. पात्र पहिल्या पातळीवर सुरू होते आणि विसाव्यापर्यंत चढू शकते. पहिल्या पातळीवर त्याचा जीव एवढासा असतो, दोन-तीन वारांत संपणारा. म्हणूनच तिथे मिळालेली छोटी वस्तूही मोठी ठरते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून प्रसिद्ध झाला. तेव्हा भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्यावरच पात्राची प्रगती बरीचशी अवलंबून असे. साहजिकच काही डन्जन मास्टरांचा हात सैल सुटला. १९७६ च्या देवदेवतांवरील पुरवणीच्या प्रस्तावनेत टिम कास्क यांनी अशा उधळ्या मंडळींना चांगलेच सुनावले. त्यांना नाव पडले ‘मॉन्टी हॉल’. हे टीव्हीवर बक्षिसे वाटणाऱ्या एका लोकप्रिय सूत्रसंचालकाचे नाव. दोष दात्याच्या सैल हाताचा, हे पहिले निदान.

तिसऱ्या आवृत्तीने (२०००) निदानाऐवजी दरपत्रक दिले. दुसऱ्या पातळीच्या पात्राची एकूण मालमत्ता ९०० सुवर्णनाणी असावी आणि तलवारीवर +१ ची जादू चढवायला २,००० नाणी पडावीत, असे तक्ते आले. त्याच तक्त्यांत हलक्या जखमा भरणारी एक कांडी होती. किंमत ७५० नाणी, पन्नास वेळा वापरता येणारी. हिशेब करून पाहा. एका वापरात सरासरी साडेपाच गुण जीव परत येतो, म्हणजे सगळी कांडी मिळून २७५. त्याच ७५० नाण्यांत औषधाच्या पंधरा कुप्या येत आणि त्यांतून जेमतेम ८२ गुण मिळत. चौघांनी वर्गणी काढली की कांडी दुसऱ्या पातळीलाच हातात. दरपत्रकाला यात काही गैर दिसत नव्हते.

पाचव्या आवृत्तीने (२०१४) उलट टोक गाठले. खेळाचे गणित जादूच्या वस्तू गृहीत धरत नाही, दिल्या तर ती वरकड, अशी भूमिका घेतली. वस्तूंना दुर्मीळतेच्या पायऱ्या दिल्या. ‘अनकॉमन’ या पायरीवरच्या वस्तू पहिल्या पातळीपासून चालतील, ‘रेअर’ पाचव्यापासून. पण या एकाच ‘अनकॉमन’ फळीवर काय काय ठेवले आहे? +१ ची तलवार, हवेत तरंगणारा दिव्याचा गोळा, राक्षसी बळाचे हातमोजे आणि उडता झाडू.

तलवारीचे गणित सोपे आहे. पहिल्या पातळीचा, १६ बळाचा योद्धा एका वारात गॉब्लिन मारण्याची शक्यता शंभरात सुमारे ३६. हातात +१ ची तलवार आली की सुमारे ४६. वाढ लक्षणीय आहे, पण फासा टाकावाच लागतो आणि भीती शिल्लक राहते. आता झाडू घ्या. मोकळ्या मैदानात घुबड-अस्वलाकडे दूरवरून मारायचे काहीच नसते. झाडूवर बसून बाण सोडणारे नवखे पात्र त्याला निवांत मारू शकते. आणि भिंती चढण्यात तरबेज म्हणून ज्याने चोर निवडला, तो खाली उभा राहून बघतो. फळी एक, परिणामात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर.

आता माझी चूक. दुसऱ्या पातळीवर मी चौघांना ते हातमोजे दिले. ते घालणाऱ्याचे बळ थेट १९ होते, मुळात कितीही कमी असो. भाच्याचा योद्धा १६ बळाचा, त्याची बेरीज +३. मोजे घातले तर +४. क्लेरिकचे बळ १४, म्हणजे +२. त्यालाही मोज्यांनी +४. पोरांनी कागदावर हिशेब मांडला: योद्ध्याला दिले तर लाभ एकाचा, क्लेरिकला दिले तर दोनाचा. मोजे क्लेरिकला गेले. हिशेब बिनचूक होता. राक्षसांशी लढाया पूर्वीइतक्याच अटीतटीच्या होत होत्या, म्हणजे पुस्तकाच्या मापाने समतोल ढळला नव्हता. त्या संध्याकाळी निघताना भाचा म्हणाला, “मामा, आता दारं पण तोच फोडणार. मग मी काय करू?” पुढचे दोन रविवार तो आला नाही.

त्या दोन रविवारांत मी सगळी पुस्तके पुन्हा काढली आणि लक्षात आले की मॉन्टी हॉलची टीका असो, दरपत्रक असो की दुर्मीळतेच्या पायऱ्या, तिन्ही मापे वस्तूला पात्राच्या पातळीशी किंवा समोरच्या राक्षसाशी ताडून पाहतात. शेजारी बसलेल्या खेळाडूशी कोणी ताडत नाही. राक्षस जास्त भारी करणे मास्टरच्या हातात असते. गॉब्लिन तीन होते तिथे पाच ठेवता येतात. पण एकाचे काम दुसऱ्याच्या वस्तूने हिरावले, तर पाच गॉब्लिन ठेवून ते परत मिळत नाही. खालच्या पातळीवर तर प्रत्येकाकडे करण्याजोगे एखाद-दुसरेच काम असते.

यावर आक्षेप येईल की खेळ सहकाराचा आहे, काम झाले म्हणजे पुरे. आक्षेपात तथ्य आहे. वर सांगितलेल्या कांडीने क्लेरिकचेच काम घेतले, पण सतत मलमपट्टीतून सुटका झाली म्हणून पुष्कळ क्लेरिक खूश होतील. तेव्हा काम हिरावले जाणे नेहमीच वाईट नाही. ज्याचे काम जाणार त्याला विचारले पाहिजे, एवढेच. मी विचारले नव्हते.

चांगली उदाहरणे आहेत. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या आरंभसंचातली ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ ही कथा पाहा. (खेळणार असाल तर हा परिच्छेद सोडा.) तिच्यात ‘टॅलन’ नावाची तलवार सापडते. जादू +१ चीच, पण तिला जुन्या मालकाचे नाव आणि इतिहास आहे. ती तलवारबाजाला जरा बरा तलवारबाज करते, कोणाचे काम घेत नाही. दुसरी वस्तू काचेची काठी. ती आधी शत्रूच्या हातात असते, त्यामुळे तिची ताकद आपण सोसून ओळखतो. शिवाय तिची शक्ती मोजकी आहे आणि शेवटचा अंश वापरताना ती फुटण्याची भीती असते. आपल्याला हे नवे नाही. कर्णाला इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरायची होती. अर्जुनासाठी राखलेली ती घटोत्कचावर खर्च करावी लागली. वापरून संपणारी वस्तू कितीही भारी असली तरी केव्हा वापरायची हा निर्णय माणसाकडेच ठेवते. कायमची वस्तू तो निर्णय गिळून टाकते.

तिसऱ्या रविवारी मी भाच्याला फोन करून चूक कबूल केली. तो आला. त्या दिवशी खजिन्यात मी एक अचल दांडा ठेवला. बटण दाबले की तो हवेत जिथल्या तिथे खिळतो आणि ८,००० पौंड वजन पेलतो. त्याने कोणाचा वार वाढत नाही आणि कोणाचे काम जात नाही. बाहेरून राक्षस दार ढकलत होता, आणि दांडा दाराला लावायचा की छताला, तो कोणी धरायचा, यावर चौघे वीस मिनिटे भांडले. भाच्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी फासे बाजूला ठेवले आणि ऐकत बसलो.