शेमडी, रावस आणि आपली बोली

कुरुळीत आम्ही राहायला आलो तेव्हा पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते होती. आता चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेली मुले इथे एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यांत लातूर, परभणी, बीडकडची आपली मुलेही बरीच आहेत. पाळी संपवून आली की त्यांच्या मोबाइलवर जो आवाज लागतो तो बहुतेक वेळा एम. सी. स्टॅनचा असतो. संपादकांनी या अंकासाठी समीक्षेचा लेख मागितला तेव्हा एखाद्या कादंबरीवर लिहावे असे आम्ही ठरवले होते. पण आमच्या शेजारी जो खरोखर ऐकला जातो, त्याच्याविषयी आपल्या अंकांतून दोन शब्दही आमच्या वाचनात येऊ नयेत, हे आम्हाला खटकले.

एम. सी. स्टॅन म्हणजे अल्ताफ शेख. जन्म १९९९चा, पुणे स्टेशनाजवळच्या ताडीवाला रस्त्यावरचा. लहानपणी कव्वाली गायचा, पुढे रॅपकडे वळला. २०२०मध्ये ‘तडीपार’ आणि २०२२मध्ये ‘इन्सान’ हे त्याचे अल्बम आले. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याने ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकले, दुसरा आला अमरावतीचा शिव ठाकरे. त्या घरात या दोघांच्या गटाला नाव पडले ‘मंडली’. स्टॅनच्या तोंडचे ‘शेमडी’, ‘रावस’, ‘हक से’ हे शब्द मग ज्यांनी मराठी कधी ऐकली नाही अशा मुलांच्याही ओठी आले. ‘शेमडी’ म्हणजे आपली शेंबडी. रावस तर कोळणीच्या पाटीतला मासा. पुण्या-मुंबईच्या गल्लीत त्याचा अर्थ ‘झकास’ झाला. २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, भाषणे पुष्कळ झाली. शेंबडी हा शब्द देशभर नेणारा एक मुसलमान मुलगा होता, हे त्यांतल्या एकाही भाषणात आम्ही ऐकले नाही.

१९९०मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण सांगत आलो की आमची भाषा मराठी आहे. ते सांगणे गरजेचे होते, आजही आहे. पण ही बाजू मांडता मांडता घरातली बोली आपण पडद्याआड ठेवली. अम्मी स्वयंपाकघरातून हाक मारते ती दखनी. तिचा सांगाडा एका भाषेचा आणि भरणा दुसरीचा. उर्दूवाले तिला बिघडलेली म्हणतात, मराठीवाले तिला ‘मुसलमानी हिंदी’ म्हणून बाजूला सारतात. आणि आम्ही लेखक? आम्ही ती कथेतल्या नानीच्या किंवा खाटकाच्या तोंडी दोन वाक्ये घातली, निवेदन मात्र शुद्ध प्रमाण मराठीत ठेवले. म्हणजे बोलणारी माणसे आपली आणि सांगणारा कुणी परका, असेच झाले. स्टॅनने नेमके हेच मोडले. त्याच्या गाण्यात सांगणाराच त्या बोलीत सांगतो. आपल्या भाषेबद्दल तो माफी मागत नाही. आमच्या मते त्याचे वाङ्मयीन महत्त्व काही असेल तर ते इथे आहे.

मजकुराचे काय? त्याच्या सुरुवातीच्या एका गाण्याचे नाव ‘अस्तगफिरुल्लाह’ आहे. आपल्या मागच्या आयुष्याकडे पाहून अल्लाहकडे माफी मागणारा तो मुलगा आम्हाला खरा वाटतो. वस्ती, पोलीस, घरची ओढाताण या गोष्टी तो बाहेरून पाहून लिहीत नाही. पण इतर कितीतरी गाण्यांत बाई येते ती धोका देणारी, नाहीतर मिरवायची वस्तू म्हणून. गल्लीतल्या मुलीला त्या बोलीत स्वतःचे वाक्य मिळत नाही. याला वस्तीचे वास्तव म्हणून सूट द्यायला आम्ही तयार नाही, कारण त्याच वस्तीत ती मुलगीही राहते. पुन्हा ते ऐंशी हजारांचे बूट! त्यांची जाहिरात त्याने इतकी केली की त्यावर विनोद झाले. इथल्या कंत्राटी पोराची ती काही महिन्यांची कमाई. ते पोर मात्र चिडत नाही, हसते. आपल्यातल्या एकाच्या पायात ते बूट आहेत, याचेच त्याला समाधान वाटते. आम्हाला ते कळते, पण पटत नाही.

मार्च २०२३मध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम मंचावर चढून बंद पाडण्यात आला. कारण दिले गेले ते गाण्यांतल्या शिव्यांचे आणि नशेचे. शिव्या आम्हालाही नकोत, पण त्यांचा हिशेब ऐकणाऱ्याने आणि समीक्षकाने करायचा असतो. मंचावर चढून गाणे थांबवणाऱ्याला तो अधिकार कुणी दिला? सगनभाऊ जन्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार. त्याच्या काळी लावणी घरंदाज घरात म्हणायची गोष्ट नव्हती. आज परंपरेच्या यादीत आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो. कलगी-तुऱ्यात एकमेकांना सवाल टाकून डिवचणे आणि रॅपमधली जुगलबंदी यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. अंतर आहे ते अमर शेखांशी. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल अमर शेख झाला तेव्हा त्याच्या मागे कामगारांची चळवळ होती, पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा होता. तो गायचा ते समोरच्या हजारोंचे होऊन जायचे. स्टॅनच्या मागे फक्त मोबाइल आहे. ‘मी वर आलो’ यापुढे त्याचे गाणे जात नाही. तो वर आला हे खरेच. पण खोलीतली बाकीची पाच पोरे उद्या पुन्हा सहाच्या बसला उभी राहणार.

त्या पाचांतला एक लिहितो. आम्ही त्याची वही मागितली. निम्मी स्टॅनची नक्कल आणि शिव्या. पण एका पानावर रात्रपाळीहून परतताना इंद्रायणीच्या पुलावरचा वास, ठेकेदाराने कापलेली हजेरी आणि गावी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणून बोललेले खोटे, हे सगळे त्याच बोलीत उतरले आहे. ते पान आम्ही या अंकासाठी मागितले. शुद्धलेखन तपासून देतो म्हणालो, तर तो म्हणाला, मग राहू द्या चाचा.