विद्यार्थ्यांचे संशोधन-प्रकल्प आणि आक्षीचा लेख

महाराष्ट्रांतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठीं कुलपतींच्या प्रेरणेनें २००६ सालीं सुरू झालेला ‘आविष्कार’ हा संशोधन-मेळावा आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. मानव्यविद्या व भाषा, वाणिज्य व विधि, शुद्ध विज्ञान, शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, वैद्यक व औषधनिर्माण अशा सहा शाखांत प्रकल्प वांटलेले असतात. विद्यार्थी आपला विषय फलकावर मांडतो व परीक्षकांच्या प्रश्नांस उत्तरें देतो. रायगड जिल्ह्यांतील अशी एक फेरी पाहण्याचा योग आला. तेथें जें दिसलें त्याचें गुणदोषविवेचन येथें योजिलें आहे. मुलांस नाउमेद करण्याचा हेतु नाहीं. परंतु केवळ पाठ थोपटून कोणाचें संशोधन सुधारल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

अलिबागेजवळील आक्षीच्या शिलालेखावर एक फलक होता. विषय उत्तम. शीर्षक ‘मराठीचा आद्य शिलालेख’, खालीं ठळक आंकडा ‘इ. स. १०१२’. छायाचित्र दुसऱ्या कोणाचें. शिळेचें माप नाहीं, ठसा नाहीं, ओळींची संख्याही नाहीं. साल कशावरून, असें विचारतां ‘सर्वत्र तसेंच दिलें आहे’ हें उत्तर मिळालें. आतां या लेखांत शके ९३४ या आंकड्याबरोबर संवत्सराचें नांवही कोरलेलें आहे; तें ‘प्रधावी’, म्हणजे परिधावी. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें, बाकी राहील तो प्रभवापासूनचा संवत्सर, हें गणित आमच्या आजोबांच्या वेळीं घरोघर ठाऊक असे. ९३४ व १२ मिळून ९४६, बाकी ४६, शेहेचाळिसावा संवत्सर परिधावीच. आंकडा व नांव यांचा मेळ बसला.

एवढ्यानें काय साधलें, असें कोणी म्हणेल. लेखांतील राजा केशिदेव. या नांवाचे उत्तर कोंकणचे शिलाहार दोन झाले: एक शके ९३९ च्या ठाण्याच्या ताम्रपटांतील अरिकेसरी ऊर्फ केशिदेव, दुसरा त्यानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं, ज्याचे मांडवीचा शके ११२५ चा व चौधरपाड्याचा शके ११६१ चा असे लेख उपलब्ध आहेत. आक्षीचा लेख या दुसऱ्याचा मानावयाचा, तर परिधावी संवत्सर शके १११४ किंवा शके ११७४ यांतच सांपडतो, आणि तीं दोन्हीं वर्षें त्याच्या या लेखांच्या अलीकडे-पलीकडे पडतात. चौधरपाड्याचा विकारी संवत्सर याच रीतीनें ताडून पाहिला तर बाकी ३३ येते व तोही जुळतो. तेव्हां रीतींत खोट नाहीं. अक्षरवटिकेवरून कोणी शंका काढील, तर तिचा विचार शिळेपुढें बसूनच झाला पाहिजे. आक्षी त्या महाविद्यालयापासून कांहीं काशीइतकी दूर नव्हती. आणि मौज अशी कीं, शेजारच्या दालनांत गणिताच्या एका विद्यार्थिनीनें पंचांगांतील कालचक्रांवरच फलक मांडला होता! शाखा निराळी, परीक्षक निराळे. दोघांची गांठ पडली नाहीं.

विज्ञानशाखेंत मोजमाप पुष्कळ चोख होतें, हें मान्य केलें पाहिजे. खाडीच्या पाण्याचा खारेपणा, कांदळवनांतील माती, औषधी पाला, सर्वत्र आंकडे होते. मात्र ते एकाच हंगामाचे. भरती कीं ओहोटी, जागा नेमकी कोणती, याची नोंद क्वचित्. पुढील वर्षींचा विद्यार्थी पुन्हां पहिल्यापासून आरंभ करणार. याच किनाऱ्यावर याहून निराळा पाठ गिरविलेला आहे. मुंबईस कुलाबा येथें १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात. ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरतांच त्या वेधांत व्यत्यय येणार हें ओळखून नानाभाई मूस यांनीं १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारविली. परंतु जुनें काम लागलेंच थांबविलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच काळीं नोंदी घेतल्या. म्हणूनच कुलाब्याची मालिका अलिबागेच्या मालिकेशीं सांधतां येते. आमच्या मेळाव्यांत मात्र सायंकाळीं फलक गुंडाळले गेले व ज्याचे त्यानें घरीं नेले. ग्रंथालयांत एकही प्रत राहिली नाहीं.

दोष सारा विद्यार्थ्यांचा नव्हे. शेतीच्या शाखेंत खारेपाटांतील खाजणजमिनीवर एक प्रबंध होता. मातीची परीक्षा नेटकी. पण बंधारा फुटून समुद्राचें पाणी शेतांत केव्हां शिरलें, तें सदर रकाना मोकळा. त्या मुलीस पाहतांच मला ओळख पटली. दोन वर्षांपूर्वीं ती माझ्या दारीं आली होती. बंदिस्तीच्या दुरुस्तीचे कांहीं मोडी कागद माझ्या दप्तरांत आहेत, असें तिला कोणीं सांगितलें होतें. ‘आधीं मोडी शिका, मग या,’ असें म्हणून मीं तिला परत लाविलें. ती पुन्हां आली नाहीं. संग्राहकांपैकीं किती जणांनीं असेंच केलें असेल तें ज्यानें त्यानें आपल्याशीं पहावें.

ते तीन कागद मीं आतां बाळबोध लिपींत उतरून तिजकडे पाठविले आहेत. एकांत बंधारा फुटल्याची तिथि व वार आहे, शक मात्र कसरीनें खाल्ला आहे. गणिताच्या त्या विद्यार्थिनीचा पत्ता मीं सोबत लिहून दिला.