कोरेगावची वाट : वास्तुरचना, पाणी आणि मधला हात

कोरेगाव हे नाव उच्चारले की आपल्या मनात प्रथम भीमा नदीकाठचा विजयस्तंभ उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु सातारा जिल्ह्यातील आणखी एक कोरेगाव बाबासाहेबांच्या जीवनात फार आधी आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मपर लेखनातील पहिले प्रकरण या गावाच्या वाटेवर घडते. खटाव तालुक्यातील या गावाचा उल्लेख चरित्रग्रंथांतून गोरेगाव असाही येतो. हे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९ मार्च १९९० रोजी पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. पुढे ते शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या बाराव्या खंडात समाविष्ट झाले.

या प्रकरणाचे वाचन आजवर बहुधा एका बालकाच्या हृदयद्रावक अनुभवाची कथा म्हणून झाले आहे. तसे वाचन चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही; परंतु ते अपुरे आहे. आमच्या मते हे प्रकरण म्हणजे वास्तू आणि अवकाशरचना यांची एक कठोर समीक्षा आहे. स्थानक, गाडी, पाणवठा, जकातनाका आणि शाळेतील नळ ही त्या समीक्षेची सामग्री आहे. मनुष्याच्या नित्य जीवनाला परिसराची बांधणी कशी घडविते, आणि ती बांधणी कोणाच्या हाती असते, हा तिचा प्रश्न आहे. या दृष्टीने प्रस्तुत प्रकरण पुन्हा वाचावे, आणि त्यातून हाती येणारी कसोटी आपल्या आजच्या विहारांनाही लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. १९०१ च्या सुमारास सुभेदार रामजी हे कोरेगाव येथे रोखपाल म्हणून काम करीत होते. दुष्काळाने माणसे मरत होती आणि त्यांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. सुटीत वडिलांना भेटण्यासाठी बाल भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि दिवंगत बहिणीची दोन मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. निरोप वेळेवर न पोचल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्थानकप्रमुख आपल्या खोलीत निघून गेला. दुप्पट भाडे देऊ केले तेव्हा एक गाडीवान तयार झाला. पण तोही मुलांच्या शेजारी बसेना. मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे, असा तोडगा निघाला. बरोबर भरपूर अन्न असूनही, पिण्याजोगे पाणी न मिळाल्यामुळे, मुले त्या रात्री जकातनाक्यापाशी उपाशी झोपली.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. मुले ज्या गावी निघाली होती तेथे शासन पाण्याचीच योजना करीत होते. तलाव खोदण्याइतके नियोजन, द्रव्य आणि मनुष्यबळ उपलब्ध होते. आणि त्याच तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर, तलावाच्या रोखपालाच्या मुलांना, ओंजळभर पाणी मिळू शकत नव्हते. याचा अर्थ पाण्याचा अभाव हे दुःखाचे कारण नव्हते. डोंगरावर पाणी आहे, हवे तर जाऊन आणा, असे नाकेदारानेच मुलांना सुनावले होते. पाणी होते, पाण्यापर्यंतचा मार्ग नव्हता.

आता या प्रकरणातील वास्तूंकडे क्रमाने पाहू. रेल्वेस्थानक ही गावगाड्याबाहेरची नवी वास्तू. तिची आखणी करणाऱ्याने तेथे वेस ठेवली नव्हती, गावकूस ठेवले नव्हते. जुन्या गावाच्या रचनेत मात्र विषमता नकाशातच कोरलेली होती. 'अस्पृश्य' लेखल्या गेलेल्यांची वस्ती गावाबाहेर, तीही दक्षिणेला, कारण ती दिशा अशुभ मानलेली. घरावर कौले घालणे हासुद्धा त्यांचा अपराध. गावच्या या अलिखित संहितेचे विवेचन बाबासाहेबांनी अन्यत्र सविस्तर केले आहे. गावाचा नकाशा पाहूनच कोणाची जागा कोठे, हे सांगता येत असे. स्थानकाच्या नकाशावरून ते सांगता येत नव्हते. तिकीट ज्याच्यापाशी, त्याचा फलाट. मुलांचे नवे कपडे पाहून स्थानकप्रमुखाने प्रथम आपुलकीने चौकशी केली, ती या नव्या वास्तूच्या गुणामुळेच. परंतु फलाटावरून पुढे जाण्यासाठी कोणाची तरी मदत लागताच तेथे एक मनुष्य मध्ये उभा राहिला, आणि त्या मनुष्याबरोबर संपूर्ण गावगाडा त्या नव्या वास्तूत शिरला.

याच लेखनातील शाळेच्या नळाचा उल्लेख आम्हांला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. विहिरीच्या बाबतीत विटाळाचा युक्तिवाद केला जात असे, कारण एकाच पाण्यात अनेकांचे पोहरे पडतात. नळाचे तसे नाही. त्याची तोटी फिरविली की वाहते पाणी प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळते. म्हणजे नळ ही यंत्ररचना विटाळाच्या कल्पनेला मुळातच निरर्थक ठरविणारी होती. तरीही बाल भीमरावांना तोटीला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने ती उघडली तरच तहान भागायची. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. तंत्र बदलले, वास्तू बदलली. परंतु माणूस आणि पाणी यांच्यामध्ये एक हात तसाच राहिला. या 'मधल्या हाता'ची ओळख करून देणे हे या लेखनाचे खरे कार्य आहे, असे आमचे मत आहे.

पुढील प्रकरणांतही हाच हात वेगवेगळ्या रूपांत भेटतो. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले असता बाबासाहेबांना पारशी सरायीत खोटे नाव धारण करून राहावे लागले, आणि खरी ओळख उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालविले. त्या दिवशी, मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत, त्यांना बसण्यास जागा मिळाली ती फक्त सार्वजनिक उद्यानात. का? तर त्या उद्यानात प्रवेश देणारा वा नाकारणारा कोणी मध्ये नव्हता. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर दाराजवळच्या हौदात सहकाऱ्यांनी हातपाय धुतले म्हणून गदारोळ झाला. किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती, कोठेही पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर आणि शस्त्रधारी पहाऱ्यासह. येथे मधला हात शस्त्रासह सोबत चालला. उद्यान आणि किल्ला या दोन प्रसंगांची तुलना केली म्हणजे सार्वजनिक जागा खऱ्या अर्थाने सार्वजनिक कशी होते, याचे उत्तर मिळते. जिचा उपयोग करण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीची गरज उरत नाही, तीच जागा सर्वांची.

महाडच्या संगराचा अर्थही या कसोटीवर अधिक स्पष्ट होतो. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा सर्वांना खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले होते. कागदावर तळे उघडे होते. व्यवहारात ते बंद होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा मधला हात दूर झाला. तो हात पुन्हा आडवा आला आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन लढा उच्च न्यायालयात १९३७ साली जिंकला गेला. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि उपाहारगृहे यांचा नावानिशी उल्लेख आला. समतेचे तत्त्व केवळ सांगून न थांबता ते ज्या जागांवर प्रत्यक्ष पाळायचे त्या जागांची यादी संविधानाने दिली, यामागे मसूरच्या फलाटासारखे असंख्य अनुभव आहेत, हे विसरता येणार नाही.

हाच प्रश्न धम्माच्या परंपरेने कसा सोडविला होता, हे पाहणे उद्बोधक ठरेल. विनयपिटकात विहारासाठी जागा कशी निवडावी याचे स्पष्ट निकष येतात. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. येण्याजाण्यास सोयीची असावी. ज्यांना यायचे आहे त्या सर्वांना तेथे पोचता यावे. वेळुवन आणि जेतवन या दोहोंच्या संदर्भात हा विचार आला आहे. गावापासून अंतर महारवाड्यालाही होते आणि विहारालाही होते. परंतु एक अंतर लादलेले होते, दुसरे निवडलेले. एकाची वाट केवळ राबण्यासाठी गावात जात होती. दुसऱ्याची वाट येणाऱ्या प्रत्येकासाठी मोकळी होती. अंतर हे स्वतः दोषी नसते. त्या अंतरावरील वाट कोणाच्या ताब्यात आहे यावर सारे अवलंबून असते.

अनाथपिंडिकाने जेतवनात जे बांधले त्यात राहण्याच्या खोल्यांबरोबर उपट्ठानसाला, चंक्रमणाची जागा, विहीर आणि विहिरीवरची शाळा, म्हणजे उदपानसाला, यांचाही समावेश आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुल्लवग्गातील आगंतुकांविषयीचे नियम. बाहेरून आलेल्या भिक्खूने पिण्याचे पाणी कोठे आहे हे विचारावे. निवासी भिक्खूने आपल्याहून ज्येष्ठ आगंतुकासाठी आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, पिण्याचे पाणी हवे का अशी पृच्छा करावी. मसूरच्या वाटेवरील नाकेदाराचे उत्तर या नियमांशेजारी ठेवून पाहावे. तेथेही आगंतुक होते, रात्र होती, तहान होती. एका संस्कृतीने आगंतुकाच्या तहानेसाठी नियम केला; दुसरीने त्याची जात विचारली.

आणि हे सारे केवळ मगधातील दूरचे चित्र नाही. मसूर ज्या कराड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात जखिणवाडीजवळ आगाशिवच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. मधल्या सभामंडपाभोवती निवासाच्या खोल्या, बसण्यासाठी खडकातले बाक आणि पावसाचे पाणी साठविणारी टाकी, अशी त्यांची रचना. कान्हेरी आणि जुन्नर येथील शिलालेखांत अशी टाकी, तत्कालीन भाषेत 'पोढी', दान दिल्याच्या नोंदी आहेत. कोणी चैत्य दिला, कोणी खोली दिली, कोणी केवळ पाण्याचे टाके दिले. आणि टाक्याचे दानही दगडावर कोरून ठेवण्याइतके मोठे मानले गेले. ज्या भूमीत खडक फोडून पाणी साठविण्याला दान म्हटले जात होते, त्याच भूमीत १९०१ साली चार मुले पाण्यावाचून उपाशी झोपली. या दोन घटनांच्या दरम्यान काय हरपले, याचा शोध म्हणजेच आपल्या इतिहासाचा शोध होय.

आता कसोटी आजच्या परिस्थितीला लावू. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला. तो स्वागतार्ह आहे. मात्र नावाची पाटी बदलल्याने नकाशा बदलत नाही. वस्तीसुधारणेच्या योजनांतून समाजमंदिर, गटारे व रस्ता होतो. पण तो रस्ता वस्तीपाशी येऊन संपत असेल, आणि गावाची शाळा, दवाखाना, बसथांबा व ग्रंथालय दुसऱ्या टोकाला राहत असेल, तर सुधारणेने विभक्तपणच पक्के केले असे म्हणावे लागेल. नियोजकांनी वस्ती सुधारावी, आणि त्याबरोबर वस्ती व गाव यांतील वाटही आखावी.

परंतु इतरांची समीक्षा करून आपली सुटका होणार नाही. गेल्या काही दशकांत गावोगावी विहार उभे राहिले. कष्टकऱ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूंविषयी आम्हांला आदरच आहे. तथापि त्यांच्या रचनेकडे पाहता असे दिसते की, घुमट आणि सांचीसारखे तोरण यांवर जेवढे लक्ष दिले जाते तेवढे उदपानसालेवर दिले जात नाही. आकार उचलला गेला, व्यवस्था मागे राहिली. रूप घेऊन त्यात नवा आशय भरता येतो याचे उदाहरण नागपूरच्या दीक्षाभूमीवर आहे. शिवदानमल यांनी रचलेला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी लोकार्पण झालेला तो स्तूप आतून पोकळ आहे. प्राचीन स्तूप भरीव असे, त्याभोवती प्रदक्षिणा घातली जाई. येथे मनुष्य स्तूपाच्या आत प्रवेश करतो. ज्यांना शतकानुशतके उंबरठ्याबाहेर ठेवले गेले त्यांच्यासाठी हा बदल अर्थपूर्ण आहे.

आपल्या वस्तीतील विहार मात्र अनेकदा वंदनेपुरता उघडतो आणि उरलेला काळ कुलूपबंद असतो. किल्ली एका पदाधिकाऱ्याच्या घरी असते. पुस्तके कपाटात आणि कपाटही बंद. अभ्यासाला बसू इच्छिणाऱ्या मुलीने किल्ली मागायला जावे, आणि ती व्यक्ती घरी नसेल तर परतावे, हे दृश्य आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. वृद्ध उपासिकेला चढता येणार नाहीत अशा उंच पायऱ्या, बाहेर सावली नाही, दाराशी पाणी नाही. यामागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो, चोरीची भीती असते, हे आम्ही जाणतो. पण शिपाई नसेल तर पाणी नाही, आणि पदाधिकारी नसेल तर पुस्तक नाही, या दोन वाक्यांची घडण एकच आहे. पहिल्या वाक्यात द्वेष होता, दुसऱ्यात अनास्था आहे. परतणाऱ्या मुलीच्या पदरी मात्र दोन्ही वेळा रिकामे हातच येतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहाराचा आराखडा मंजूर करताना घुमटाच्या उंचीची चर्चा होण्यापूर्वी समितीने तीन गोष्टी ठरवाव्यात. दारात, कुलपाच्या बाहेर, पिण्याच्या पाण्याचा नळ व बसण्यास सावलीतला बाक असावा. वाचनाची खोली स्वतंत्र दाराची असावी आणि ती रोज ठरलेल्या वेळी, कोणाला न विचारता, उघडी मिळावी. तिची जबाबदारी पाळीपाळीने उपासक-उपासिकांनी घ्यावी. प्रवेशाला पायऱ्यांबरोबर उतार असावा. यांचा खर्च तोरणाहून अधिक येणार नाही.

बाबासाहेबांनी आपल्या या लेखनाला व्हिसाच्या प्रतीक्षेचे नाव दिले. दुसऱ्याच्या अनुमतीवाचून ज्याला स्वतःच्या देशात पाऊल टाकता येत नाही, त्याची ती स्थिती आहे. आपण बांधलेल्या वास्तूच्या दारात कोणाही बालकाला अनुमतीची वाट पाहत थांबावे लागू नये. मसूरच्या फलाटावर थांबलेल्या त्या चार मुलांचे हे ऋण आपल्यावर आहे, आणि ते प्रत्येक नव्या विहाराच्या आराखड्यातच फेडता येणार आहे.