हिरवं बघणारा, हिरवं पिकवणारा

खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, हे रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये मांडलं. मग चहूकडे शिवार असलेल्या धाराशिवमध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्या का होतात? एक उत्तर इथल्याच भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’ या कथेत आहे. भाव न मिळाल्यानं बाप भरबाजारात टोमॅटो पायांखाली तुडवतो. पीक उभं राहतं, माणूस मोडतो. उलरिक यांचा रुग्ण झाडाकडे नुसता बघत होता. त्याला ते विकायचं नव्हतं. हिरव्याला बाजारभाव चिकटला की त्यातला विसावा जातो, हे ही कथा दाखवते. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पावसाळ्यात मन निवतं, कारण तिथल्या झाडांवर कुणाचं घर चालायचं नसतं.