लाकडावरचे शिक्के काय सांगतात?

पहिल्या महायुद्धातील (१९१४-१८) जर्मन लष्करी विमानांचे लाकडी प्रोपेलर आजही संग्रहालयांत आणि लिलावांत पाहायला मिळतात. ते ओळखण्याची रूढ पद्धत म्हणजे मधल्या तुंब्यावर ठोकलेले शिक्के वाचणे. पद्धत उपयुक्त आहे. पण तिच्या आधारे जे निष्कर्ष काढले जातात ते पुष्कळदा कसोटीला उतरत नाहीत, असे आम्हांला वाटते.

समजा, तुंब्यावर 'गरुड', 'मर्सिडीज १६० पीएस', 'डी २८०', 'एसटी १५५' असे शिक्के आहेत. नाव वाचून कोणी ही वस्तू भारतीय ठरवील. प्रत्यक्षात गरुड हा बर्लिनच्या नॉयकोल्न भागातील प्रोपेलरचा कारखाना होता. 'पीएस' म्हणजे जर्मन अश्वशक्ती, सुमारे ७३५ वॅट. 'डी' म्हणजे व्यास. 'एसटी' म्हणजे घसरण नसल्यास एका फेऱ्यात प्रोपेलर जितका पुढे सरकेल ते अंतर. दोन्ही आकडे सेंटिमीटरमध्ये.

इथपर्यंत वाचन झाले. यानंतर जी उडी मारली जाते ती आम्हांला मान्य नाही. असा प्रोपेलर 'रेड बॅरन' रिश्टहोफेनच्या तीन पंखी लाल फोकरचा म्हणून दाखवला, तर शिक्काच त्याला खोटे पाडतो. त्या फोकरला ११० अश्वशक्तीचे, स्वतःभोवती फिरणारे इंजिन होते. उलट १६० अश्वशक्तीचे मर्सिडीज इंजिन अल्बाट्रॉस, पफाल्झ, फोकर डी-७ अशा लढाऊ विमानांवर आणि टेहळणीच्या दुआसनी विमानांवरही बसवलेले असे. चाकूरच्या शिवारात पाण्याच्या मोटरीवर पट्टी असते. ती मोटर ५ अश्वशक्तीची आहे हे पट्टी सांगते. कोणाच्या विहिरीवर बसली होती हे सांगत नाही. प्रोपेलरचेही तसेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिक्का मागाहूनही ठोकता येतो, कारखान्याचे चिकटचित्र नव्याने छापता येते. म्हणून शिक्का हे तपासायचे विधान मानावे. तपासणी अवघड नाही. अक्षापासून १०० सेंटिमीटरवर परीघ ६२८ सेंटिमीटर. १५५ भागिले ६२८ म्हणजे ०.२४७, हा पात्याच्या कोनाचा टॅन्जंट. कोन सुमारे १४ अंश. ५० सेंटिमीटरवर तोच सुमारे २६ अंश यायला हवा. जुने लाकूड थोडे पिळवटते आणि कारागीर सर्वत्र एकच अंतर राखतोच असे नाही; म्हणून दोन-तीन अंशांच्या फरकावरून निकाल देऊ नये. मोठी तफावत मात्र शिक्क्याविषयी शंका घ्यायला पुरेशी आहे.

शाळेत प्रोपेलर मिळणार नाही, टेबलफॅन मिळेल. प्लग काढून, जाळी उघडून मुलांना पात्याचा कोन दोन ठिकाणी कोनमापकाने मोजू द्या आणि हेच गणित करायला सांगा. लिहिलेले मोजून पाहण्याची सवय लागली, तर पुढे एखाद्या मोठ्या दाव्यासमोरही ती मुले आधी मोजपट्टी मागतील.